आईचे ते चाळीस दिवस

त्या बुधवारी संध्याकाळी आई घरी आली तेव्हा तिच्या कपाळावर, टिकलीच्या जरा वर, करड्या राखेचा डाग होता. दार उघडल्याबरोबर मला आधी तोच दिसला.

"हे काय लागलंय?" मी विचारलं.

तिने बोट लावून पाहिलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "राख असंल चुलीची."

आमच्या घरात चूल नव्हती. भिवंडीत टेमघरला एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघीच राहत होतो आणि गॅस येऊन वीस वर्षं झाली होती. चूल होती ती दादाकडे, वळ गावातल्या जुन्या घरी, तीही आंघोळीचं पाणी तापवण्यापुरती. आणि आई त्या दिवशी वळला गेली नव्हती. ती मोरीत गेली, तोंड धुतलं. मी दारातून पाहत होते. गाल धुतले, डोळे धुतले, मानेवरून ओला हात फिरवला. कपाळ तेवढं कोरडं ठेवलं.

एवढ्या बारीक गोष्टी दिसायच्या, कारण माझं कामच तसलं होतं. वळच्या एका गोदामात मी गेटवर बसायचे. ट्रकमधून उतरलेला माल आणि कागदावर लिहिलेला माल एकच आहे ना, हे पाहायचं. आठ वर्षांत एक गोष्ट शिकले होते, की माणूस कागदाआधी चेहऱ्यावर पकडला जातो. जो ड्रायव्हर विचारण्याआधीच कारण सांगतो त्याची ताडपत्री पहिली उघडायची. ही सवय गोदामाच्या गेटवर ठेवून घरी येता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती माझ्याबरोबर घरी यायची.

बुधवार होता म्हणून मी बोंबील तळले होते. आईने ताटातले बोंबील माझ्या ताटात सरकवले आणि म्हणाली, "तू खा. माझा दात ठणकतोय."

बोंबलाला दात लागत नाहीत. जिभेने दाबला तरी विरघळतो.

आमची आई खाडीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्न करून वळला आली. गावातल्या सुनांमध्ये नोकरीला बाहेर पडणारी ती पहिली. नगरपालिकेच्या मराठी शाळेत तिने तीस वर्षं शिकवलं. शाळेत ती पुस्तकासारखं शुद्ध बोलायची आणि घरी आली की चपलांबरोबर ती भाषा दारात काढून ठेवायची. बाबा गेले तेव्हा दादाने गावचं घर आणि जमीन सांभाळली, जमिनीवर पुढे गोदामं उभी राहिली, आणि आई माझ्याबरोबर टेमघरला आली. मासळीवर तिचा जीव. आणि त्याहून जास्त चहावर. सकाळी सहाला, दहाला, दुपारी, संध्याकाळी. शाळेतल्या शिपाईबाई म्हणायच्या, "बाईंच्या अंगात रक्त न्हाय, चहाच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा केला. एक कप. माझा.

"आणि तुझा?"

"पित्त झालंय."

शुक्रवारी ती सकाळपासून जेवली नाही. दुपारी एकदा डाळभात खाल्ला, तोही अर्धा. संध्याकाळी मी कामावरून आले तर घराला कुलूप. सात वाजता ती आली, म्हणाली, "भाजीला गेले व्हते." पिशवीत एक कोथिंबिरीची जुडी होती. कोथिंबिरीच्या एका जुडीला दोन तास?

आणि मग रविवार आला. रविवारी सकाळी सहाला स्वयंपाकघरातून आल्याचा वास आला म्हणून उठले, तर आई भांडंभर चहा करून ओट्याला टेकून पीत होती, डोळे मिटून. दुपारी कोळंबीचं कालवण तिने दोनदा वाढून घेतलं. पित्त नाही, दात नाही. सोमवारी सकाळी पुन्हा एकच कप.

असला दात मी कधी पाहिला नव्हता. आठवड्याचे सहा दिवस दुखणारा आणि रविवारी सुट्टी घेणारा.

दोन आठवडे मी नुसती पाहत होते. विचारलं असतं तर आईने आणखी एक खोटं सांगितलं असतं, आणि आईचं खोटं ऐकायला मला लाज वाटायची. त्याऐवजी मी जे केलं त्याची लाज आज वाटते. ती खाली दळण आणायला गेली असताना मी तिचं कपाट उघडलं. साड्यांखाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, आणि त्याखाली एक घडी घातलेला जाड कागद. त्यावर चौदा छोटी चित्रं होती. काटेरी मुकुट घातलेला येशू, खांद्यावर क्रूस, पडलेला, उठलेला, पुन्हा पडलेला. प्रत्येक चित्राखाली एक ओळ प्रार्थना. कपाटाच्या दाराला आतून आईचं छोटं कॅलेंडर टांगलं होतं. त्यावर राखेच्या त्या बुधवारपासून रोज पेन्सिलीचा एक ठिपका. रविवार सगळे कोरे.

मी सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि पलंगावर बसून राहिले. बाहेर शेजारच्या गाळ्यातले कापड विणायचे लूम चालू होते. एरवी तो खटखटाट आम्हाला ऐकू यायचा नाही. त्या दिवशी प्रत्येक ठोका ऐकू आला.

आता माझ्या डोक्यात एकच माणूस आलं. टीचरमावशी.

टीचरमावशी म्हणजे आईची शाळेतली मैत्रीण. मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती. दोघींचे वर्ग शेजारी शेजारी होते, बावीस वर्षं. शाळेत सगळे त्यांना टीचर म्हणायचे, म्हणून मी टीचरमावशी. नवरा लवकर गेलेला, मुलगा आखातात. खाडीच्या बाजूला एका चाळीत तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. माझ्या लहानपणी त्या गणपतीत आमच्याकडे येऊन मोदक वळायच्या आणि नाताळात आमच्याकडे केक यायचा. दरवर्षी होळीच्या सुमारास त्या उपास करतात, मटण-मासे सोडतात, हे मला माहीत होतं, पण शेजाऱ्याच्या घरातलं जेवढं माहीत असतं तेवढंच. किती दिवस, कशासाठी, कधी विचारलं नव्हतं. आता मात्र बावीस वर्षांतली एकेक गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. त्या आमच्याकडे इतक्या का यायच्या? आई निवृत्त झाल्यावर आठवड्यातून तीनदा का बोलावतात? गेल्या वर्षी आईला त्यांनी एक जपमाळ दाखवली होती, ती का?

त्या दिवसांत लोकांना बाटवल्याच्या गोष्टी कानावर पडतच असत. गोदामात जेवायच्या सुट्टीत कुणी ना कुणी सांगायचं, अमक्या पाड्यावर असं झालं, तमक्याच्या आजारी बायकोला तसं केलं. मी ते ऐकून सोडून द्यायचे. आता सोडता येईना.

महाशिवरात्रीला आईने नेहमीसारखा उपास धरला, महादेवाच्या देवळात जाऊन बेल वाहिला, घरी येऊन रताळी उकडली. रोजची देवपूजाही चालूच होती. दुसऱ्या कुणाला यावरून बरं वाटलं असतं. मला वाटलं, हा देखावा आहे, मला दाखवायला. एकदा संशय धरला की माणूस पुरावा उलटा वाचायला लागतो.

पुढच्या शुक्रवारी मी साहेबांना खोटं सांगून कामावरून लवकर निघाले. म्हणजे खोटं बोलणारी आता घरात आई एकटी उरली नव्हती, दोघी झालो होतो. मी टीचरमावशींच्या चर्चच्या समोर, टायरच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. साडेपाचला रिक्षा आली. आधी आई उतरली, मग तिने टीचरमावशींना हात दिला. त्यांच्या एका पायाला पट्टी होती आणि त्या पायात चपलेऐवजी सैल कापडी बूट होता. दोघी हळूहळू आत गेल्या.

चर्च छोटं होतं, दारं उघडी. आत तीस-चाळीस माणसं, कुणी मल्याळी नर्सा, कुणी लूमवरची तामिळ कुटुंबं, दोन-चार वसईकडच्या बायका. भिंतीवर तीच चौदा चित्रं लावलेली होती, मोठी, चौकटीत. सगळे एका चित्रापासून दुसऱ्याकडे सरकत होते, थांबत होते, गुडघे टेकत होते, उठत होते. आई गुडघे टेकत नव्हती. टीचरमावशींना टेकता येत नव्हतं म्हणून त्या उभ्या होत्या, आणि आई त्यांचा दंड धरून शेजारी उभी होती, मान खाली घालून. तिचे ओठ हलत होते. रस्त्यापलीकडून मला ते ओठ दिसले आणि मी ठरवून टाकलं, की झालं, आपली आई गेली.

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन केला.

दादा रविवारी सकाळीच आला. तो माझ्यासारखा पाहत बसणारा नाही. त्याने चप्पल काढायच्या आत विचारलं, "आई, तू चर्चमध्ये जातंस?"

आई चहा पीत होती. रविवार होता ना. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या एका नजरेत तिला सगळं समजलं, की पाळत कुणी ठेवली आणि चुगली कुणी केली.

"टीचरला सोडायला जाते. तिचा पाय बरा न्हाय," ती म्हणाली.

"आणि तुझं खाणंपिणं? तेही तिच्या पायामुळं सुटलंय?"

"मी म्हातारी झाले. काय खायचं, काय न्हाय ते आता तुमाला विचारू?"

"तुला बाटवलं ना त्यांनी?"

आई उठली. कप धुतला, पालथा घातला. "टीचरचं नाव तोंडातून नीट काढ," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. दादा तासभर बसला, जेवलाही नाही. जाताना जिन्यात मला म्हणाला, "तू लक्ष ठेव. आणि आईला आता तिकडं जाऊ देऊ नको."

मी लक्ष ठेवलं. जाऊ न देणं मात्र जमलं नाही. आई समोरून निघून जायची आणि मी गप्प राहायचे. घरात आमचं बोलणं भाजी, दूध आणि लाइट जायच्या वेळा एवढ्यावर आलं.

त्या साली होळी आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी आले. दोन हजार पाच साल. आमच्याकडे होळी म्हणजे शिमगा, गावचा सगळ्यात मोठा सण. आईने वळला जायचं, होळीला नैवेद्य दाखवायचा, दुसऱ्या दिवशी धुळवडीला मटण खाऊन परत यायचं, हे ठरलेलं. सकाळी दादाचा फोन आला तेव्हा आई म्हणाली, "संध्याकाळी येते. दुपारी मला काम हाय."

दोन वाजता ती पांढरी साडी नेसून निघाली. पांढरी साडी, शिमग्याच्या दिवशी! मी दादाला फोन केला. वीस मिनिटांत तो मोटरसायकलवर आला. कपाळावर गुलाल होता, गावात आदल्या दिवसापासूनच सुरू झालं होतं.

"चर्चमध्ये नको," तो म्हणाला. "तिथं लोकांसमोर तमाशा होईल. टीचरकडं जाऊ. मूळ तिथंच हाय."

माझी कल्पना होती की दोघी चर्चमध्येच असतील आणि आम्ही टीचरमावशींच्या ओट्यावर वाट बघू. पण दार उघडं होतं. दादाने कडी वाजवली आणि आतून आवाज यायची वाट न पाहता आत गेला. त्याच्यामागे मी.

टीचरमावशी घरातच होत्या. पलंगावर, पाठीशी उशी, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर. मांडीवर ताट होतं, डाळभात आणि वर कसलीतरी पालेभाजी. त्या जेवत होत्या. आम्हाला बघताच त्यांनी ताट मागे, उशीआड सरकवलं, शाळेत मधल्या सुट्टीआधी डबा खाताना सापडलेल्या मुलीसारखं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती. समोर क्रुसावर जांभळं कापड टाकलेलं होतं.

दादाने ते ताट पाहिलं आणि तो पेटला.

"वा, टीचर. तुम्ही जेवा! आमच्या आईला चाळीस दिवस उपाशी ठेवलंत, तिला एकटीला चर्चमध्ये पाठवलंत, आणि तुम्ही घरात बसून डाळभात खाताय?"

"कोण उपाशी?" टीचरमावशी म्हणाल्या.

"नाटक करू नका. मासळी सोडली तिनं, चहा सोडला. शुक्रवारी एकदा जेवते. तुम्हीच सांगितलंत ना तिला?"

"चहा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या आईने चहा सोडला?"

मी त्यांचा चेहरा बघत होते, गेटवर ड्रायव्हरचा बघावा तसा. खोटं बोलणाऱ्या माणसाची नजर आधी दाराकडे जाते. त्यांची गेली नाही. त्या खरंच काही शोधत होत्या, मागच्या दिवसांतलं काहीतरी आठवत होत्या. तरीही मी म्हणाले, आणि हे वाक्य माझंच होतं, दादाचं नाही, "मावशी, आईच्या कपाटात तुमचा चौदा चित्रांचा कागद सापडलाय. आता लपवून उपयोग नाही."

त्यांनी पदराला हात पुसला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझी साखर उतरली होती. तीन वाजेपर्यंत थांबायचं असं ठरवलं होतं मी, प्रभूच्या मरणाची वेळ टळेपर्यंत तरी. पण हात कापायला लागले, घाम फुटला. डॉक्टरांनी यंदा एकही उपास करायचा नाही म्हणून सांगितलंय. इन्शुलिन चालू आहे ना. पायाची जखम भरत नाही." आणि मग, जणू आम्ही तेवढ्यासाठीच जाब विचारायला आलो होतो अशा आवाजात, "आज जेवले मी. सकाळी आणि आता. आयुष्यात पहिल्यांदा गुड फ्रायडेला दोनदा जेवले."

दादाने ताटावरची नजर काढली. तो दारात जाऊन उभा राहिला. मी स्टुलाच्या बाजूला उभी. कुणी बसा म्हणालं नाही आणि आम्ही निघालोही नाही. असा अर्धा-पाऊण तास गेला असेल. बाहेर मुलं होळीसाठी लाकडं ओढून नेत होती.

मग आई आली. दारात मोटरसायकल पाहूनच तिला कळलं असणार, कारण आत आली तेव्हा तिचा चेहरा तयार होता. तिने आधी टीचरमावशींकडे पाहिलं, मग उशीआडच्या ताटाकडे.

"जेवलीस का पूर्ण?" तिने विचारलं.

"तू चहा सोडलास?" टीचरमावशींनी विचारलं.

आईने चपला काढून भिंतीकडे सरकवल्या.

"मी तुला काही विचारतेय. तू माझ्यासाठी उपास धरलास?"

"उपास लागायच्या दिवशी, चर्चमध्ये राख लावायच्या रांगेत तू रडत व्हतीस," आई म्हणाली. ती आमच्याकडे बघत नव्हती. "म्हणालीस, चाळीस वर्षांत एक उपास चुकला न्हाय, आणि आता देवाला काय तोंड दाखवू. तुला धरून मी पण रांगेत व्हते. फादरनं माझ्या कपाळाला पण बोट लावलं. मी मागं सरले न्हाय. मना तिथंच वाटलं, हिचा मी धरते. रविवार सोडून चाळीस दिवस काय, बघता बघता जातील."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू धरू दिला असतास?"

टीचरमावशी चिडल्या. मी त्यांना तशा चिडलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. "अगं, उपास काय साखरेची वाटी आहे, शेजारणीने उसनी द्यायला? आमच्यात असं चालत नाही."

"आमच्यात चालतं," आई म्हणाली. "सासूचा सून धरते, नवऱ्याचा बायको धरते. तुझा मी धरला. तुझा देव निराळा असंल. भूक तर माझी व्हती ना?"

टीचरमावशी रडायला लागल्या, आणि आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. आई रडली नाही. तिने उशीआडून ताट काढलं आणि उरलेला भात त्यांच्या पुढ्यात ठेवला. "संपव. नाहीतर पुन्हा साखर उतरंल."

दादाने विचारलं, "पण मग आम्हाला का न्हाय सांगितलंस?"

"तुमाला सांगून काय झालं असतं?" आई म्हणाली. "हेच झालं असतं. जे आज झालं ते चाळीस दिवस आधी झालं असतं."

निघताना मी टीचरमावशींच्या समोर उभी राहिले. माफी मागायची होती. त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं मी तुमच्या घरी येत होते." मला वाटलं पुढे काही बोलतील. पण तेवढंच. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "या तुम्ही. उशीर होतोय, होळी आहे तुमची."

लहानपणापासून त्या मला तू म्हणायच्या. चिडल्या की गधडे म्हणायच्या. 'या तुम्ही' असं त्यांनी मला पहिल्यांदा म्हटलं. आधी वाटलं, दादाला धरून दोघांना म्हणाल्या असतील.

संध्याकाळी वळला होळी लागली. आईने नेहमीसारखा नैवेद्य दाखवला, पाच वेळा फिरली, नारळ टाकला. वहिनीने पुरणपोळी वाढली तेव्हा दादा आणि मी दोघेही तिच्या ताटाकडे बघत होतो. आईने एक पोळी घेतली, वर तूप घेतलं आणि निवांत खाल्ली. "काय बघता? पुरणपोळीला कुणाच्याच देवाची ना न्हाय," ती म्हणाली. वहिनी हसली, तिला काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुळवड. घरात सकाळपासून मटण शिजत होतं. आईचा अजून एक दिवस उरला होता. दादाने कुणालाही काही सांगितलं नाही. फक्त दहा वाजता तो बाजारात गेला, सोललेले वाल घेऊन आला आणि वहिनीसमोर ठेवून म्हणाला, "आईसाठी बिरडं कर." दादाने आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. ते बिरडं तेवढं आठवतं.

ईस्टरच्या रविवारी आई टीचरमावशींकडे जेवायला गेली. मलाही चल म्हणाली. मी गेले. टीचरमावशींनी पाय स्टुलावर ठेवून, बसल्या बसल्या, शेजारणीकडून सगळं करून घेतलं होतं. दोघी खूप हसल्या. शाळेतल्या जुन्या हेडमास्तरांची नक्कल झाली. टीचरमावशी आईला म्हणत होत्या, "पुढच्या वर्षी असलं काही केलंस तर मी तुझे सगळे सोमवार धरीन, बघ." आणि मधेच माझ्याकडे वळून, हसू तसंच ठेवून, "घ्या ना तुम्ही. लाजू नका."

मग मला समजलं की तो शब्द चुकून आला नव्हता.

पुढच्या वर्षी आईने काही लपवलं नाही. राखेच्या बुधवारी सकाळी मला सांगितलं, आजपासून माझं बंद. टीचरमावशी ओरडल्या, तरी तिने ऐकलं नाही. त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. त्या पावसाळ्यानंतर त्यांना एकटं राहणं जमेना, म्हणून त्यांचा भाऊ त्यांना वसईला घेऊन गेला. आई दर महिन्याला एसटीने जायची. मी अधूनमधून तिला सोबत करायचे.

एकदा बसमध्ये मी आईला विचारलं, "तू चर्चमध्ये ओठ हलवत होतीस. काय म्हणत होतीस?"

मनात तो प्रश्न दोन वर्षं होता. खरं सांगायचं तर संशय पूर्ण गेला नव्हता. सगळं उघड झालं होतं, सगळं जुळलं होतं, तरी कुठेतरी वाटायचं की आईने थोडं हातचं राखलंय.

"प्रत्येक चित्रापाशी तिचं नाव सांगायचे," आई म्हणाली. "हजेरी लावायचे. ती मनातल्या मनात प्रार्थनेत गुंतलेली असायची, तिला काय कळायचं."

"आणि स्वतःसाठी?"

आई खिडकीबाहेर बघायला लागली. वसई-भिवंडी रस्त्याला दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. "सगळंच सांगायचं असतं काय?" ती म्हणाली.

टीचरमावशींना मी शेवटचं भेटले तेव्हा त्या भावाच्या घराच्या ओसरीवर व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या. माझ्या नोकरीची चौकशी केली, लग्न ठरलं का विचारलं, आईला सांभाळा म्हणाल्या. सगळं तुम्ही-तुम्ही. निघताना मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला, चांगल्या पायाला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुखी राहा."

परतीच्या बसमध्ये मी तो शब्द उलटा-सुलटा करून पाहत होते. 'राहा' हे तू म्हणतानाही 'राहा'च, आणि तुम्ही म्हणतानाही. मी आईला विचारलं, "त्यांनी मला कशानं आशीर्वाद दिला असेल गं, तू की तुम्ही?"

आईने माझ्याकडे पाहिलं, वर्गातल्या मठ्ठ पोरीकडे बघावं तसं. "हात डोक्यावर ठेवला ना तिनं?" ती म्हणाली. "मग आता त्याचीपण ताडपत्री उघडून बघू नको."

मी मान हलवली. पण घर येईपर्यंत विचार तोच करत होते.